क्लॉजवाल्या काकू

काकूंना पाटी नुसती वाचून पुढे जाता येत नसे. अमेरिकेत, फ्रीमाँटमधल्या आमच्या टाउनहाउसांच्या आवारात कचऱ्याच्या डब्यावर, स्विमिंग पूलच्या फाटकावर, जिथे म्हणून इंग्रजी दिसेल तिथे त्या थबकत आणि मला विचारत, "यात कर्ता-क्रियापदाचं जोडपं नांदतंय का? नांदत असेल तर क्लॉज. नुसतेच शब्द घोळका करून उभे असतील तर फ्रेज." पूलवरची ‘नो लाइफगार्ड ऑन ड्युटी’ ही फ्रेज निघाली, तेव्हा त्यांना लॉटरी लागल्यासारखा आनंद झाला होता.

शेजारच्या संदीपच्या या आई. नागपूरजवळच्या गावात त्यांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तेही मराठीतून. घराण्यात शाळा पाहिलेल्या त्या पहिल्याच. कसल्याही वाक्याची चिरफाड त्या चुटकीसरशी करत. बोलायची वेळ आली की मात्र तोंडाला कुलूप. दुकानातली मुलगी "हाउ आर यू" म्हणाली तरी माझ्याकडे बघत. मला याचं भारी कुतूहल. एकदा विचारलंच. म्हणाल्या, "चूक झाली तर? मी मास्तरीण आहे ना गं!"

पुढे माझी सातवीतली इरा क्लॉज-फ्रेजच्या टेस्टमध्ये सपशेल आपटली. तिचं मराठी ‘भूक लागली’च्या पुढे जात नाही, त्यामुळे काकूंना इंग्रजीतच शिकवणं भाग होतं. धीर करून त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांचे उच्चार ऐकून इरा खुदकन हसली. काकू चपला घालून निघून गेल्या. चार दिवस फिरकल्या नाहीत. मी इराला फैलावर घेतलं खरं, पण मलाच रडू येत होतं.

पाचव्या दिवशी त्या दारात उभ्या. "काहून रागावते तिच्यावर? हसली म्हणजे ऐकत होती. माझ्या वर्गात तर पोरं झोपायची." मग रोज संध्याकाळी दोघी टेबलापाशी बसत. इरा त्यांचे उच्चार सुधारी, त्या इराची वाक्यं.

काकूंच्या इथल्या मुक्कामाचे सहा महिने भरले आणि परत जायचा दिवस आला. काकूंचे पाय ठणठणीत, पण विमानतळावर इंग्रजी बोलावं लागू नये म्हणून संदीपने व्हीलचेअर सांगून ठेवली होती; ती ढकलणारा माणूसच मग विमानापर्यंत सगळं बघतो. ती घेऊन आलेल्या माणसाने त्यालाच विचारलं, "डज शी स्पीक इंग्लिश?" संदीप नकारार्थी मान हलवणार, तोच काकू म्हणाल्या, "आय स्पीक. प्लीज आस्क मी." इराने तिथेच टाळ्या वाजवल्या. काकूंनी खुर्चीत आपली पर्स ठेवली आणि त्या माणसाशी बोलत बोलत, खुर्चीच्या बरोबरीने चालत आत गेल्या. आमच्याकडे वळून बघायचंही त्यांना सुचलं नाही.