भाकरीचं ताट अडलं तेव्हा

देवाने मला क्षमा केली असेल, यावर वर्षभर माझा विश्वास बसत नव्हता. मिरजगावहून परतताना बायको मागून सारखी सांगत होती, "अहो, जरा दमानं." मी ऐकलं नाही. वळणावर मोटरसायकल घसरली. मला नुसतं खरचटलं, तिचा पाय मात्र कायमचा अधू झाला. तिने एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं.

तेव्हापासून मी चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर, घेणं सोडलं. आमच्या मंडळीत भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकावरून हातोहात फिरतं. माझ्याकडे आलं की मी ते तसंच पुढे द्यायचो. शुक्रवारी उपास करायचो आणि रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन चर्चमधले बाक पुसायचो. लोक म्हणायचे, केवढी ही सेवा. सेवा कसली, मी शिक्षा भोगत होतो, आणि ती कधी संपणार हे मलाही ठाऊक नव्हतं.

धर्मसुधारणेच्या रविवारी पाळकसाहेबांनी ती चळवळ सुरू करणाऱ्या जर्मन मठवाशाची गोष्ट सांगितली. उपास करून, गुडघे सोलेपर्यंत प्रार्थना करूनही त्याला शांती मिळेना. शेवटी त्याला उमगलं, की तारण, म्हणजे पापातून सुटका, कमावता येत नाही, ती देवाच्या कृपेने मिळते. लहानपणापासून ऐकलेली ही शिकवण. मी मान डोलावत होतो. एवढा शिकलेला माणूस, पण किती उशिरा कळलं त्याला, असंही मनात आलं. बाक पुसायचं ओलं फडकं तेव्हा माझ्या खिशातच होतं.

मग ताट फिरू लागलं. माझ्या एका बाजूला बायको होती, दुसऱ्या बाजूला एक अनोळखी म्हातारी. लेकीकडे पुणतांब्याहून आली होती. तिने स्वतः तुकडा घेऊन ताट माझ्यापुढे धरलं. मी ते घ्यायला हात पुढे केला, पण ती सोडेना.

"आदी तुमी घ्या की."

"माझी लायकी नाही, मावशी," मी पुटपुटलो.

"मग कुनाची हाय? माझी? माझ्या सुनंला इचारा." मागच्या बाकावर कुणीतरी हसू दाबलं. "घ्या बाबा. हात भरून आला माझा, लोकं बी खोळंबल्यात."

पुढचा सगळा बाक वळून आमच्याकडे पाहत होता. बायकोही पाहत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. बहुधा कधीच नव्हता. नाही म्हणायला माझ्यापाशी कारण उरलं नाही. मी तुकडा उचलला आणि ताट बायकोपुढे धरलं. तिने तुकडा घेतला आणि मोकळा हात माझ्या मनगटावर ठेवला. वर्षभर आवळून धरलेलं काहीतरी छातीतून सुटलं. मी मान खाली घालून रडलो.

उपासनेनंतर आभार मानायला म्हातारीला गाठलं, तर ती चहात बिस्किट बुडवत होती. "कशाचं आभार? मी काय केलं?" म्हणाली. तिच्या तोंडून देव बोलला का, हे मी सांगू शकत नाही. एवढंच जाणतो, की मी फेडत बसलो होतो आणि तो देत होता. आता रोज प्रार्थनेला बसतो तेव्हा आधी दोन्ही हात उघडतो, आणि रिकाम्या हातांची लाज वाटत नाही. प्रभूचे उपकार.