गोळ्या कोणी सोडल्या

धाकटी बहीण विधवा होऊन चंद्रपूरजवळ ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये राहायला आली, तेव्हा तिच्या पिशवीत एचआयव्हीच्या गोळ्यांचा डबा होता. आजार नवऱ्याकडून आलेला. रात्रीचं जेवण झालं की ती गोळी घ्यायची आणि सकाळी चक्कर, मळमळ. मला ते पाहवत नव्हतं. कुणाचं दुखणं दिसलं की मला लगेच काहीतरी करून टाकायचं असतं.

गडचिरोलीकडे एक वैदू झाडपाल्याचं औषध देतात असं कळलं. पैसे घेत नाहीत, फक्त नारळ ठेवायचा. पैशाला न शिवणारा माणूस खोटं कशाला बोलेल, म्हणून मी निर्धास्त. आजाराचं नाव घ्यायची लाज वाटली. "अशक्तपणा आहे" एवढंच सांगितलं. त्यांनी एका झाडाची साल दिली, उगाळून द्या म्हणाले, भूक लागेल. वांगं आणि आंबट बंद.

गोळ्या बंद करायचं मात्र मीच ठरवलं. आमच्या माहेरी कावीळ झाली की जडीबुटी सुरू आणि दवाखान्याचं औषध बंद. दोन्ही एका पोटात गेली तर एकमेकांना मारतात, असं आई म्हणायची. मी डबा उचलून कपाटात ठेवला.

"बाई, डॉक्टरनं एकही दिवस नागा करू नको म्हणून सांगतलं," बहीण म्हणाली. मला ती बाईच म्हणायची.

"डॉक्टर मोठा का मी मोठी? चाळीस दिवस साल घेऊन तं पाह्य."

ती हसली आणि तिनं ऐकलं. लहानपणापासून माझं ऐकतच आली होती. मळमळ थांबली, भात मागून खाऊ लागली. मी नुसती अभिमानानं फुगले होते. चाळीस दिवसांचे चार महिने झाले. मग ताप आला तो उतरेचना, खोकला लागला, पाणीही गिळवेना.

चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिचं कार्ड पाहिलं, चार महिने गोळ्या नेल्याची नोंदच नव्हती. भुकेसाठी झाडाची साल घेते, एवढं बहिणीनं सांगितलं. "भुकेसाठी काही घ्यायचं तर विचारून घ्या ना, आम्ही कुठे नाही म्हणतो? पण गोळ्या का सोडल्या? कोणी सांगितलं?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात बहीण म्हणाली, "मीच सोडल्या, मॅडम. माह्याच मनानं. बाई तं रोज रागवे मले."

डॉक्टरीणबाई तिला पुष्कळ बोलल्या. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं. आणि शेजारीपाजारी कुणाचं एक ऐकून न घेणारी मी तिच्या उशाशी गप्प उभी राहिले.

त्यानंतर ती अकरा दिवस होती. त्या अकरा दिवसांत मी डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं नाही, आणि तिलाही एकदासुद्धा माफ कर म्हटलं नाही.