अर्लसाहेबांची धाकटी

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी गराजमध्ये सईच्या सायकलची चेन बसवत होतो. हार्ट अटॅक, झोपेतच. हात काळे, फोन कानाशी, आणि मनात पहिला विचार काय आला, तर हे आता सईला कोण सांगणार… मित्र माझा गेला होता, पण घरात सगळ्यांत जास्त रडणार होती माझी नऊ वर्षांची मुलगी. खरं सांगतो, त्याही क्षणी माझ्या पोटात दुखलं.

विलास नागपूरचा, मी पुण्याचा. इथे अमेरिकेत, कॅरी गावात आम्ही शेजारी राहायचो आणि ऑफिसला एकाच गाडीतून जायचो. तो एकटा जीव, म्हणून शुक्रवारचं जेवण आमच्याकडे. लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या सेलमधून त्यानं चारशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्लिश अर्लच्या घराण्याचा जाडजूड इतिहास उचलला होता, आणि त्या उमरावाच्या घरची भांडणं तो अशी सांगायचा, जणू ती मंडळी नागपुरात धरमपेठेत राहतात. "बाप्पा! मोठ्या सुनेनं मोत्यांची माळ मागितली, अन् अर्लसाहेब रुसून बसले ना!" मेधा, माझी बायको, तव्यावरची पोळी विसरायची. माझ्या प्रत्येक प्रश्नाला इंग्लिशमध्ये उत्तर देणारी सई त्याला मात्र मराठीत विचारायची, "मग काय झालं, काका?" दर रविवारी तिला मराठी शाळेत ड्राइव्ह करून नेणार मी, आणि वाचा फुटणार त्याच्यापुढे! आयत्या बिळावर नागोबा, असं मी मेधाला म्हणालोसुद्धा. ती म्हणाली, "अरे, मग तूही सांग की गोष्ट." सांगितली एकदा. सईनं मध्येच विचारलं, "बाबा, कॅन आय गो नाऊ?"

एका शुक्रवारी त्यानं अर्लच्या धाकट्या मुलीची गोष्ट काढली. तेव्हाचे बडे लोक आपली मुलं दुसऱ्या उमरावाच्या घरी वाढायला पाठवत. ही लहानपणीच गेली, लग्नाच्या वयाची होऊन परतली, आणि उठता-बसता 'आमच्याकडे असं नसतं' म्हणू लागली. आमच्याकडे म्हणजे त्या दुसऱ्या घरी! अर्लसाहेबांचा नुसता जळफळाट. विलास हसत होता. हा मलाच टोमणा मारतोय असं वाटून मी "चला, उद्या लवकर उठायचंय" म्हणत ताट उचललं. शनिवारी कसलं लवकर उठणं… तो घरी गेला. पुढे ती गोष्ट त्यानं माझ्यासमोर कधी काढली नाही.

त्याला जाऊन आता दीड महिना झाला. मेधाच्या पोळ्या शुक्रवारी अजून उरतात. सई खाली मान घालून जेवते. परवा मलाच राहवलं नाही.

"त्या धाकटीचं पुढे काय झालं गं? काका बोलले होते का काही?"

"हो, मला नंतर सांगितलं, स्विमिंग पूलवर. अर्ल आधी खूप अँग्री झाला. मग एक दिवस त्यानं तिला विचारलं, त्या घरी तू काय काय मज्जा केलीस, सांग ना. मग ती रोज त्याच्याजवळ बसायला लागली." सई भात चिवडत थांबली. "बाबा, तू मला काकांबद्दल काहीच विचारत नाहीस."

यातलं पुस्तकातलं किती आणि विलासचं किती, देव जाणे. मी विचारलं. हात वाळले तरी सई बोलत होती, मराठीत, त्याच्याच हातवाऱ्यांसकट, मध्येच 'बाप्पा!' म्हणत. इतकं ती माझ्याशी जन्मात बोलली नव्हती, आणि सगळं त्याच्याबद्दल… आता दर शुक्रवारी विचारतो. पोरगी माझ्याजवळ येऊन बसते, आणि मी अजूनही विलासवर जळतो.