लहान जागेला ॲट

माझे काका इंग्रजीचे मास्तर. शाळेत त्यांना सगळे 'पुढे काय सर' म्हणत आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. कुणी उभं राहून इंग्रजी क्रियापदाचा भूतकाळ म्हटला आणि तिथेच थांबलं, की काका डस्टर टेबलावर आपटत.

"सॅट! बसला! पुढे काय? कशावर बसला? माझ्या डोक्यावर? ऑन कुठंय?"

भूतकाळ एकटा सोडायचा नाही, हा त्यांचा हट्ट. "नुसतं 'गेला' म्हणून थांबलास तर लोक रडायला लागतील. कुठे गेला ते सांग. टू मार्केट म्हण, म्हणजे घरच्यांचा जीव भांड्यात पडेल." आम्ही खिदळायचो. आपल्याकडे घरात, घरावर, घरातून, असं शेपूट मागे लागतं. इंग्रजीत तेच शेपूट तोंडापुढे येतं, आणि आमचे सगळे घोटाळे त्या शेपटापाशी व्हायचे. त्यावर काकांनी सोपे नियम काढून दिले होते. मोठ्या जागेला इन, लहान जागेला ॲट. शहर मोठं, म्हणून इन. बसथांबा लहान, म्हणून ॲट. आजही मी हे झोपेत म्हणून दाखवीन.

मास्तर म्हणून काका चांगलेच होते. पण दुसऱ्याची चूक दिसली की ती सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दुकानाची पाटी असो की औषधाच्या बाटलीवरची सूचना, ते थांबून वाचणार, च्यक करणार आणि बरोबरच्या माणसाला दोन मिनिटं उभं करून शिकवणार. ते बरोबर असत, हीच तर पंचाईत होती.

काकू चष्म्याच्या दुकानात दुरुस्तीला बसायची. दांडी ढिली झाली, नाकावरची चकती निघाली, की गिऱ्हाईक तिच्याकडे. तिळाएवढे स्क्रू चिमट्यात धरून ती बसवायची, मग चष्मा त्या माणसाच्या नाकावर चढवून विचारायची, "आता खाली बघा. घसरतो?" या कामात इंग्रजीचा संबंध काचेच्या नंबरापुरता. घरात इंग्रजी बोलायला काका होतेच.

मग माझ्या चुलतबहिणीचं, ताईचं, लग्न ठरलं. मुलगा दुसऱ्या भाषेचा, दूरच्या शहरातला. त्याची आई, म्हणजे काकूची होणारी विहीण, दोन दिवस राहायला येणार होती. तिला आपली भाषा येत नव्हती, आपल्याला तिची. दोघींच्या मध्ये उरलं इंग्रजी.

"मला शिकवा," काकू काकांना म्हणाली.

"अगं, मी आहे ना सांगायला."

"तुम्ही बोललात तर ती तुम्हाला ओळखेल. माझी मुलगी तिच्या घरात राहणार आहे. मला तिच्याशी माझ्या तोंडानं बोलायचंय."

काका इतके खूश झाले की काय सांगू. रोज जेवणं झाली की ताटं उचलून टेबलावरच शिकवणी सुरू. मी तेव्हा नोकरीसाठी त्यांच्याकडेच राहत होते, त्यामुळे फुकटात पुन्हा शाळेत बसले.

"आय वेटेड," काकू म्हणायची.

"पुढे काय?"

"फॉर यू."

"शाब्बास!"

लुक्ड आफ्टर, म्हणजे सांभाळलं, हे तिला काही केल्या पचेना. "आफ्टर म्हणजे नंतर ना? मग मुलीच्या नंतर बघितलं, असं नाही का होत?" काका हसून हसून बेजार. पण चिडले नाहीत, एकदाही नाहीत. काकू दुकानात स्क्रू पिळता पिळता पुटपुटायची, आणि एका गिऱ्हाइकाला वाटलं बाई आपल्याला शिव्या देतायत.

विहीणबाई आल्या. उंच, पांढरे केस कापलेले, बोलणं मऊ. दारातच म्हणाल्या, "आय केम विथ एरोप्लेन." मी काकांकडे बघितलं. बाय हवं होतं. वर्गात असते तर डस्टर आपटलं असतं. काकांनी नुसती मान डोलावली आणि त्यांची बॅग घेतली. पाहुणीची चूक त्यांना सहज गिळता आली, हे मी तेव्हाच बघून ठेवलं.

काकू म्हणाली, "आय वेटेड फॉर यू." विहीणबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. काकूचा चेहरा असा फुलला की ताई माझ्या कानात म्हणाली, "आई आता थांबायची नाही." खरंच थांबली नाही. दुपारभर त्या दोघी तोडक्यामोडक्या इंग्रजीत, खाणाखुणांत बोलत राहिल्या. चुका दोघींच्याही होत होत्या आणि दोघींचंही काही अडत नव्हतं. काका पेपर डोळ्यांसमोर धरून ऐकत होते. त्यांची अस्वस्थता मला पेपराच्या हलण्यावरून कळत होती.

चहाच्या वेळी विहीणबाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "युअर मदर?"

याचं उत्तर काकूनं पाठ केलेलं नव्हतं. तिची आई शेवटी या घरातच होती. काकू चमच्यानं पाणी पाजत असताना, तिच्या तळहातावर डोकं ठेवून गेली. आपण म्हणतो तसं, तिच्या हातात गेली. काकूनं शब्द जुळवले आणि हळू आवाजात म्हणाली,

"माय मदर डाइड ॲट माय हँड्स."

विहीणबाईंचे डोळे भरून आले होते. त्यांना कळलं होतं. कुणालाही कळलं असतं.

"ॲट नव्हे!" पेपर खाली आला. "अगं, ॲट माय हँड्स म्हणजे तूच मारलंस तिला! इन! इन माय आर्म्स!" आणि एवढ्यावर न थांबता काका विहीणबाईंकडे वळून इंग्रजीत म्हणाले की माझ्या बायकोनं आत्ताच तुमच्यासमोर खुनाची कबुली दिली. स्वतःच हसले.

कुणीच हसलं नाही. ताईनं मान खाली घातली.

काकू आपल्या हातांकडे बघत होती. "तुम्हीच म्हणाला होतात ना, लहान जागेला ॲट," ती म्हणाली. "हात केवढासा असतो."

मग ती चहाचे कप उचलून आत गेली.

काकांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, आवरायचं कसं ते न कळल्यासारखं. वर्षानुवर्षं त्यांनी वर्गावर्गांत तो नियम पाठ करून घेतला होता. तिनं तो अगदी आज्ञाधारक मुलीसारखा लावला होता, आपल्या आईच्या मरणाला. आणि त्यांनी त्यावर विनोद केला होता, पाहुणीसमोर. हे त्यांना एकदम नाही, हळूहळू कळत गेलं, आणि मला ते त्यांच्या चेहऱ्यावर कळताना दिसत होतं.

त्यानंतर काकू इंग्रजीतला एक शब्दही बोलली नाही. रुसली नव्हती. विहीणबाईंना वाढत होती, त्यांच्याकडे बघून हसत होती. काही सांगायचं झालं की म्हणायची, "अहो, त्यांना विचारा, अजून घेणार का." काका विचारायचे. असं दर वेळी. दर वेळी त्यांचा आवाज आणखी खाली जायचा.

सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "अगं, चुकलं माझं."

"चूक तर माझी होती," काकू म्हणाली. टोमणा नव्हता त्यात, म्हणून तर काका मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बाहेर येऊन ते माझ्याजवळ बसले. "मला तोंड दाखवायची लाज वाटतेय गं."

"वाटायलाच हवी," मी म्हटलं. मला त्यांची दया आली होती, पण म्हटलंच.

टॅक्सी दाराशी आली. बॅग आत गेली, ताईचा निरोप घेऊन झाला. विहीणबाई काकूसमोर उभ्या राहिल्या आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, मुलीबद्दल तुम्हाला मला काही सांगायचंय का? याच प्रश्नासाठी काकू एवढे दिवस शिकत होती. आय लुक्ड आफ्टर हर, इथून सुरुवात करायची ठरली होती. मला वाटलं, आता बोलेल. काकाही पुढे झुकले, त्यांचे ओठ तिच्या आधी हलले.

काकूनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग काकांकडे वळली.

"अहो, तुम्हीच सांगा त्यांना. म्हणावं, माझी मुलगी तुमची भाषा शिकेल. शिकताना चुकेल. तेव्हा तिला चारचौघांत बोलू नका. बाजूला घ्या आणि सांगा. नाहीतर ती बोलायचीच बंद होईल."

काका तिच्याकडे बघत राहिले. टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. विहीणबाई वाट बघत होत्या.

काकांनी सांगितलं. त्यांचे डोळे जमिनीवर होते, आवाज फाटला होता, पण वाक्यांत एकही चूक नव्हती.