रबर लावलेला जग

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि माझे साडू विलासराव पुण्यात राहतात. पुढे जे घडलं ते एवढ्या दोनच गोष्टींमुळे घडलं.

विलासराव म्हणजे माझ्या बायकोच्या, सुरेखाच्या, धाकट्या बहिणीचे, सुजाताचे, यजमान. माणूस वाईट नाही. फक्त त्यांच्याकडे जे असतं ते आपल्याकडे नाही, हे ते फार प्रेमानं सांगतात. जूनमधल्या एका सोमवारी त्यांचा फोन आला.

"दाजी, या रविवारी येतोय आम्ही दोघं. पण तुमच्याकडे काय, मटण खायचं आणि झोपायचं. आम्ही हल्ली सुट्टीच्या दिवशी घरीच जिनचं कॉकटेल करतो. फळं वगैरे घालून."

"आम्ही पण करतो की," मी म्हणालो.

"तुम्ही?"

"जांभळाचं."

का म्हणालो ते मला आजही सांगता येणार नाही. तोवर मी आयुष्यात दोनदा बिअर प्यायलो होतो, आणि त्यातली एकदा तर औषध म्हणून (मुतखडा). जिन पांढरी असते की काळी हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. पण शब्द तोंडातून गेला होता आणि पलीकडे विलासराव पहिल्यांदाच गप्प झाले होते. त्या शांततेची चव फार गोड होती.

सुरेखाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "करा काय करायचं ते. पण शनिवारी आई येणार हाय. तिला कळलं तर तुमी अन् तुमची जिन दोघंबी रस्त्यावर."

ही धमकी नव्हती, माहिती होती. माझ्या सासूबाई कोडोलीजवळच्या एका वाडीत राहतात. तरुणपणी त्यांनी गावातल्या बायका गोळा करून हातभट्टीची मडकी काठीनं फोडली होती. ती काठी त्यांच्या घरी दाराच्या मागे अजून उभी असते, आणि मी सासुरवाडीला गेलो की तिच्याकडे पाठ करून बसत नाही.

आता सामान. आम्ही राहतो शिवाजी पेठेत. तिथं मला पानपट्टीवर उभं राहिलो तरी 'नमस्कार सर' ऐकू येतं. म्हणून मी थेट शाहूपुरीतलं दुकान गाठलं. डोक्यावर हेल्मेट, तोंडाला रुमाल, आवाज जरा घोगरा काढला. काउंटरमागच्या मिशीवाल्या गृहस्थानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि हात जोडले.

"या सर. हेल्मेट तेच हाय व्हय अजून? आमच्या वर्गात असताना रोज खिडकीत ठेवत होता की."

मी रुमाल काढला. लपून उपयोग नव्हता.

"काय देऊ सर?"

"जिन. ते आपलं... एका प्रयोगाला पाहिजे."

"मग ही न्या," तो गंभीरपणे म्हणाला. "ह्यानं प्रयोग फसत न्हाई."

फोनवरच्या व्हिडिओतली बाई टॉनिक वॉटर घाला म्हणत होती. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं 'टॉनिक' एवढंच ऐकलं आणि मला समोरच्या मेडिकलमध्ये पाठवलं. मेडिकलवाल्यानं विचारलं, "भूक लागायचं का रगत वाढायचं?" मी सोड्याच्या चार बाटल्या घेऊन घरी आलो. त्या बाईनं शेवटी ग्लासात कसलीशी हिरवी काडी खोचली होती. सुरेखानं विचारलं, "काय हाय ते?" मी म्हणालो, "सुवासिक काडी असते." ती म्हणाली, "देवघरात उदबत्तीचा पुडा हाय, त्यातली घ्या." मी पुदिना आणला.

शनिवारी सासूबाई आल्या. डोक्यावर पाटी, पाटीत शेतातली जांभळं, टपोरी, काळीभोर. पाटी खाली ठेवत म्हणाल्या, "सुजाता येणार म्हणून आणली. सरबत करू सगळ्यांस्नी."

"मामी, मी करतो. तुम्ही दमला असाल," मी घाईनं म्हणालो.

"तुमाला काय जमतंय? सरा."

आणि त्या स्वयंपाकघरात पाय पसरून बसल्या. दोन तास जांभळं कुस्करून, बिया काढून, गर गाळून त्यांनी पातेलंभर रस काढला. त्यात साखर, काळं मीठ, लिंबू. मी शेजारी बसून पुदिना निवडत होतो आणि ज्या बाईनं मडकी फोडली तीच बाई माझ्या कॉकटेलची सगळी तयारी स्वतःच्या हातानं करतेय, हे बघून मला घाम फुटत होता. "जावयबापू, तुमाला ताप हाय काय?" त्यांनी मध्येच विचारलं. मी नाही म्हणालो.

रविवारी सकाळी त्या अंघोळीला गेल्यावर मी काम उरकलं. एकसारखे दोन काचेचे जग घेतले. दोन्हीत रस भरला. एकात अर्धी बाटली जिन ओतली. दोन्हींचा रंग तोच, उंची तीच, वर पुदिनाही तोच. आता, एकसारखी दिसणारी दोन द्रावणं शेजारी ठेवताना लेबल लावा, हे मी गेली बावीस वर्षं आठवीच्या मुलांना सांगत आलोय. पण जगावर 'जिन' असं लिहून फ्रिजमध्ये ठेवायचं, तेही मामी घरात असताना? मी डोकं चालवलं. जिनच्या जगाला एक पिवळं रबर लावलं. ही खूण मी कुणालाच सांगितली नाही. गुप्तता महत्त्वाची.

अकराच्या सुमाराला विलासराव आणि सुजाता आले. जेवणाला अजून दीड तास होता. मी विलासरावांना डोळ्यानं खूण केली, फ्रिजमधला रबर लावलेला जग उचलला, बर्फ आणि सोडा घेतला आणि आम्ही दोघं गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत गेलो. खाली सासूबाई आणि त्यांच्या दोघी मुलींनी दुसरा जग घेतला आणि पत्ते मांडले.

विलासरावांनी ग्लास उजेडात धरला, हलवला, वास घेतला, एक घोट तोंडात फिरवला आणि डोळे मिटले. मी निकालाची वाट बघत होतो.

"दाजी," ते हळूच म्हणाले, "ही भारी जिन आहे. मागून येते."

"मागूनच येते," मी म्हणालो. खरं म्हणजे मलाही ती तेव्हाच मागून आली. कान तापले. (खोलीला पत्रा होता आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं. पण हे मी नंतर लक्षात घेतलं.) दुसऱ्या ग्लासाला माझी जीभ जड झाली. तिसऱ्याला विलासराव जमिनीवर बसले आणि त्यांनी माझा हात धरला.

"दाजी, तुम्हाला एक खरं सांगू? मी परदेशात जातो, जातो म्हणतो ना... एकदाच गेलो. आठ दिवस. त्यातले सहा दिवस पोट बिघडलं म्हणून हॉटेलच्या बाहेर पडलो नाही. जे सांगतो ते सगळं खिडकीतनं बघितलेलं आहे."

माझे डोळे भरून आले. "विलासराव, मी पण सांगतो. तुम्ही आम्हाला तो बाहेरून आणलेला ज्यूसर दिला होता ना, तो बिघडला नाही. तुमचं नाव घेऊन सुरेखा रोज त्यात रस काढायची, ते मला बघवेना. मीच माळ्यावर टाकला आणि बिघडला म्हणून सांगितलं."

"मला वाटलंच होतं," विलासराव म्हणाले आणि त्यांनी मला मिठी मारली. मग एकदम त्यांचा आवाज बारीक झाला. "पण तुमचं बरं आहे. मामी तुमच्याकडे महिना महिना राहतात. आमच्याकडे लग्नाला अठरा वर्षं झाली, एक रात्र राहिल्या नाहीत. माझी आई नाही, तुम्हाला माहीत आहे. मी दर दिवाळीला वाट बघतो."

हे मला खरंच माहीत नव्हतं. मी त्यांना चौथा ग्लास भरला आणि मोठ्या आवाजात म्हणालो, "मला तर मामींची भीती वाटते. त्या आल्या की मी न्हाणीत गाणंसुद्धा म्हणत नाही." आणि मग, इतक्या दिवसांचं राहिलेलं, एक गाणं तिथंच म्हटलं. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकू बादली घेऊन आत गेल्या.

इथं तरी थांबायला हवं होतं. पण अंगात खरेपणा संचारला होता. मी फोन काढला आणि आमच्या मुख्याध्यापकांना लावला.

"सर, मी बोलतोय. एक सांगायचंय. तुमचं झेंडावंदनाचं भाषण फार लांबतं. मागच्या वर्षी उन्हात पाच पोरं चक्कर येऊन पडली. सहावा मी पडलो होतो. सर, मला चक्कर आली नव्हती. मी मुद्दाम पडलो होतो."

पलीकडून सर "बरं" म्हणाले आणि फोन बंद झाला.

"वाघ आहात तुम्ही," विलासराव म्हणाले.

दोन्ही वाघ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून जिना उतरले. एक पायरी चुकली, त्यात माझी चप्पल गेली. खाली सासूबाई भिंतीला टेकून ताठ बसल्या होत्या आणि पत्त्यांचा सगळा ढीग त्यांच्यापुढे होता. मी त्यांच्याकडे बघितलं आणि धीर सुटला. सरळ जाऊन पाय धरले.

"मामी, मला माफ करा. मी प्यालोय."

"काय प्यालासा?"

"जिन. दारू. तुमच्या जांभळात घालून. विलासरावांना पण मीच पाजली."

सुरेखानं कपाळाला हात लावला. सासूबाईंनी माझी हनुवटी धरून तोंड वर केलं, वास घेतला. मग विलासरावांचं तोंड हुंगलं. मग पाय धरताना मी बाजूला ठेवलेला ग्लास उचलून तळातला घोट चाखला आणि तोंडात घोळवला.

"ह्ये तर सरबत हाय. माझ्या हातचं."

"नाही मामी, रबर लावलेला जग..."

"अगंबाई," सुरेखा म्हणाली. "त्ये रबर व्हय? कोथिंबिरीच्या पिशवीला पायजे होतं म्हणून मी सकाळी काढलं. मग दुसरं गावलं, म्हणून ते परत जगाला लावून ठेवलं."

"कुठल्या जगाला?"

"आता मला काय माहीत? जगाचं होतं, जगाला लावलं. दोन्ही आपलेच न्हवं का?"

विलासराव भिंतीचा आधार अलगद सोडून सरळ उभे राहिले. इतका वेळ डोलणारा माणूस एका क्षणात रुळासारखा सरळ झाला. माझी जीभही जागेवर आली होती. हे फारच वाईट होतं.

सासूबाईंनी सावकाश आपला ग्लास उचलून डोळ्यांपुढे धरला. त्यांचा हा तिसरा होता.

"म्हंजे ह्यात हाय?" त्यांनी विचारलं.

सुजाता तोंडात पदर कोंबून हसायला लागली (तिचे दोन झाले होते). मला दारामागची काठी दिसत होती, ती कोडोलीला असूनसुद्धा. मी मनातल्या मनात कपड्यांची पिशवी भरली.

"तरीच," सासूबाई म्हणाल्या. "मघाधरनं गुडघं कसं दुखंनात, त्याचा इचार करत होते."

मग ग्लासात उरलेलं त्यांनी एका दमात संपवलं. "टाकून कसं द्यायचं? जांभळं घरची हाईत." उठल्या, जग उचलला, फरशीच्या रेघेवरून चालल्यासारख्या सरळ मोरीपर्यंत गेल्या आणि राहिलेलं सगळं ओतून दिलं. फ्रिजमागे मी दडवलेली अर्धी बाटलीही शोधून ओतली. पाण्याची धार सोडून जग घासला, पालथा घातला आणि वळल्या.

"ह्या घरात पुन्यांदा आणलासा तर बघा," त्या मला म्हणाल्या. "आन् त्यो रस काढायचा मिक्सर माळ्यावरनं खाली घ्या. वरचं समदं हितं ऐकू येत हुतं."

सुरेखानं माझ्याकडे जे बघितलं ते लिहिण्यासारखं नाही.

मग त्या विलासरावांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. विलासराव खाली बघत होते. "अठरा वर्सं वाट बघतासा, अन् एकदा तोंडानं 'या' म्हणाया काय झालं? सुजी म्हणती, तुमास्नी अडचण व्हईल. म्हणून म्या येत न्हवते."

"मामी, या," विलासराव म्हणाले.

"उद्याच येते. गाडीत जागा हाय न्हवं?"

आणि सोमवारी सकाळी त्या खरोखर गेल्या, पुढच्या सीटवर बसून. विलासरावांनी उशी आणून त्यांच्या पाठीला लावली. मला त्या वेळी जरा कसंतरीच झालं. महिनाभर न्हाणीत गाणं म्हणायची मोकळीक मिळाली होती, आणि म्हणावंसंच वाटेना.

शाळेत गेलो तर शिपाई दारातच उभा. मुख्याध्यापकांनी बोलावलं होतं.

"बसा," सर म्हणाले. "काल फोनवर ते काय होतं?"

वाटेत मी दोन उत्तरं तयार केली होती. एक खरं: सर, मी चार ग्लास जांभळाचं सरबत प्यायलो होतो. बावीस वर्षांची नोकरी आणि एक विज्ञान विषयाची पदवी डोळ्यांपुढे आणून बघितली. हे उत्तर देणं शक्य नव्हतं.

"सर, माफ करा," मी मान खाली घालून म्हणालो. "काल जरा घेतली होती."

सर उठले. दार लावून आले. चेहरा एकदम हलका झाला होता. "घेतली होती होय? मग ठीक आहे. मला वाटलं मनापासूनच बोललात. कुठली?"

"जिन, सर. जांभळातली. घरीच केली होती."

सर खुर्ची माझ्याजवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, "पुन्हा कराल तेव्हा मलाही सांगा. आपल्या संस्थेच्या अध्यक्षांना मला बरीच वर्षं एक फोन करायचाय."

मी हो म्हणून बसलोय. आता त्यांना नेमकं काय द्यायचं ते ठरत नाही. जिन दिली तर ते शांतपणे पत्ते खेळून घरी जातील. सरबत दिलं तर त्यांची नोकरी जाईल, आणि सोबत म्हणून मीही एक ग्लास घेतला तर दोघांची.