अकरा हुकांची भिंत

"मॅडम, तुमी रात्री कितीबी वाजता या, पाहुणे आना, दिवसभर नळ सोडून बसा, मी काही म्हणनार नाई. पण भितीले खिळा ठोकाचा नाई." मंगरूळपीरला वरच्या मजल्याच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या तेव्हा घरमालकीणबाईंनी एवढी एकच अट घातली. मी लगेच हो म्हटलं. एकटी बाई, बदलीची नोकरी, टांगून टांगून काय टांगणार? एक कॅलेंडर, एक पर्स, स्वयंपाकघरात चाळणी आणि पक्कड. बसस्टँडजवळच्या जनरल स्टोअरमधून चिकटणारे हुक आणले. मागची लाल पट्टी सोलायची, अंगठ्याने दाबून धरायचं, झालं. टाइलवर तर असे बसले की चाळणी ओढली तरी हलेनात. मी खूश. लग्न का केलं नाही, घर का बांधलं नाही, असं विचारणाऱ्या लोकांना उलट सुनावायला मला हे हुक बरे सापडले होते. जिथे जाऊ तिथे चिकटू, निघताना काढून घेऊ, भिंतीवर डाग नाही. मोठी शहाणी समजत होते मी स्वतःला.

मग गेल्या हिवाळ्यात बाबांना आणलं.

बाबांचा एक डोळा काचबिंदूने आधीच गेला होता. दुसराही गेला. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता आहे ते सांभाळा. आहे म्हणजे काय, तर उजेड आहे की अंधार एवढं कळतं. आई जाऊन सहा वर्षं झाली, गावी रिठदच्या घरात बाबा एकटेच. भाऊ पुण्याला, तिसऱ्या मजल्यावर, दोघं नवराबायको कामाला. फोनवर म्हणाला, "तू जवळ आहेस." ते खरंच होतं, म्हणून मला जास्त राग आला. पण एकदा गेले तर घरात गॅसचा वास, आणि बाबा ओसरीत बसून बिडी पेटवायच्या बेतात. हातातली काडेपेटी हिसकावून घेतली आणि त्याच दिवशी त्यांचं गाठोडं बांधलं.

बाबांनी येताना गाडीतच सांगितलं, "येतो. पण एक आयकून घे माय. संडासाले मी माह्या मनानं जाईन. ज्या दिवशी तुले माहा हात धरून न्या लागन ना, त्या दिवशी मले रिठदले परत नेऊन घाल. पोरीनं बापाले संडासाले न्यावं, हे माह्याच्यानं होनार नाई."

मी म्हटलं, "बरं बरं." रिठदला परत म्हणजे काय ते मला दिसत होतं. तो गॅसचा वास नाकातून जातच नव्हता.

आमच्या घरात बाबांच्या खाटेपासून संडासापर्यंत एक लांब बोळ आहे. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कमरेएवढा कठडा, त्याच्या खाली मालकीणबाईंचं अंगण. बाबा कठड्याकडे सरकले की मी हातातलं टाकून धावायचे. मग डोकं चालवलं. खाटेच्या पायाला नायलॉनची दोरी बांधली, ती भिंतीने हुकांवरून थेट संडासाच्या दारापर्यंत नेली. त्या टोकाला बांधायला काहीच नव्हतं, तिथेही हुकच. दोरी धरून ओढायची नाही, नुसता हात फिरवत जायचं, असं बाबांना समजावलं. बाबा गेले आणि आले. दोन दिवस मला वाटलं, आपण जिंकलो.

तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "हे दोरी हातातून सरकून राह्यली. कुठं आलो ते समजत नाई. मले सुतळी आनून दे."

माझे बाबा म्हणजे कासरे वळणारा माणूस. गावात कुणाच्या बैलाला दोर लागला तर आमच्या ओट्यावर यायचे. मी सुतळीचे चार गुंडे आणून दिले. चार दिवस बाबा खाटेवर बसून पायाच्या अंगठ्यात पेड धरून, मांडीवर पीळ देत बसले. डोळे गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी जेवायला उशीर केला. "थांब व, एवढा पेड होऊ दे," असं म्हणाले आणि मला स्वयंपाकघरात जाऊन रडायला आलं. चऱ्हाट असं बनलं की हेवा वाटावा. बोळ वळतो तिथे एक गाठ, मोरीपाशी दोन, संडासाच्या दाराशी तीन. "आता हाताले समजते," म्हणाले.

आणि चऱ्हाट जड. नायलॉनच्या दोरीच्या चौपट तरी जड. मी हातात घेतलं तेव्हाच कळलं की हे त्या हुकांना पेलायचं नाही. पण त्यांचा चेहरा बघून बोलवेना. बाबांनी विचारलं, "बसते ना? जड तं नाई होत?"

"एकदम फिट बसलं बाबा," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

झालं, तिथून माझी शांती गेली. आधी पाच हुक होते, त्यांचे अकरा केले. पाकिटावर लिहिलेलं असतं, एक दिवस काही टांगू नका. एक दिवस बाबांनी काय करायचं होतं? सकाळी ऑफिसला निघताना मी अकराच्या अकरा हुक अंगठ्याने दाबायचे. अंगठ्याला घट्टा पडला. तहसीलमध्ये माझं टेबल खिडकीपाशी, समोर लोक सातबारा घेऊन उभे, आणि माझं डोकं सहाव्या हुकावर. सहावा जरा तिरपा होता. एकदा एका माणसाने तीनदा नाव सांगितलं तरी मी लिहिलं नाही. "मॅडम, तब्येत बरी नाई का?" म्हणाला. मी त्याच्यावर खेकसले. दुपारी घरी फोन करायचे, "बाबा, जेवले का?" खरं विचारायचं असायचं, चऱ्हाट जागेवर आहे का? तेच विचारता येत नव्हतं, कारण फिट बसलं म्हणून मीच सांगितलेलं.

होळी झाली आणि ऊन तापलं. बाबांसाठी कूलर आणला. खोलीत जागा नव्हती, म्हणून बोळाच्या तोंडाशी ठेवला, म्हणजे जाता येतानाही हवा लागेल. अक्कल कुठे गेली होती माझी, देव जाणे! कूलरची ओली हवा दिवसभर त्या भिंतीवर. आणि भिंत म्हणजे काय, आत चुना, वरून डिस्टेंपर. भिंतीला हात लावला तर गार आणि ओलसर लागायची. मी अंगठा आणखी जोरात दाबायचे.

मे महिन्यात एके दुपारी बाबांनी फोन उचलला नाही. परत लावला. परत. साहेबांना काय सांगितलं ते आठवत नाही. स्कूटी काढली आणि घर गाठलं.

बाबा बोळात, अर्ध्या वाटेवर, भिंतीला टेकून बसले होते. चऱ्हाट मांडीवर. धोतर ओलं झालेलं, आणि कूलरच्या हवेत अर्धं सुकलेलं. म्हणजे किती वेळ बसले होते, कोण जाणे. खाली मालकीणबाई होत्या. बाबांनी एक हाक मारायची होती. मारली नाही. बाबांसमोर फरशीवर एका ओळीत हुक मांडलेले. प्रत्येकाच्या पाठीला डिस्टेंपरचा पोपडा.

"नऊच सापडले," बाबा म्हणाले. "दोन कुठं गेले तं पाह्य."

मी दोन हुक शोधले. खरंच शोधले, दुसरं काय करावं सुचत नव्हतं. एक कठड्याच्या कोपऱ्यात होता, एक कूलरखाली. त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते ओळीत ठेवले.

"माह्या हाताले पहिल्याच दिवशी समजलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "दोर जड होते म्हनून. पन तू म्हनली फिट बसलं. मंग मी तुह्यावर भरोसा ठेवला." मग म्हणाले, "आता मले रिठदले नेऊन घाल."

रागावले असते तर मीही चार शब्द बोलले असते, ते आम्हाला जमतं. पण ते रागावले नव्हते. पन्नास वर्षं दोर वळणाऱ्या हातापेक्षा त्यांनी माझा शब्द मोठा मानला होता, आणि मी तो असा वापरला होता. मला माझीच लाज वाटली. इतकी की बाबांना दिसत नाही हे बरं वाटलं, आणि मग त्याचीही लाज वाटली.

धोतर दिलं, बादली भरून दिली. ते बदलून खाटेवर बसले. मी बदल्यांच्या सामानातला डबा उघडला. त्यात जुने खिळे होते, लांब, सिमेंटचे. हातोडी नव्हती. खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि बोळाच्या भिंतीत पहिला खिळा ठोकला.

तिसऱ्या खिळ्याला मालकीणबाई वर आल्या. "मॅडम! काहून ठोकून राह्यले? मी काय सांगतलं होतं?"

"हो, सांगितलं होतं," मी म्हटलं आणि चौथा ठोकला. हात थांबत नव्हता.

"अवो, आइकू येऊन राह्यलं का?"

"घर खाली करा म्हणत असाल तर करते. पण हे ठोकून झाल्यावर."

त्यांनी आधी भिंतीवरचे खड्डे बघितले, फरशीवरचे हुक बघितले, मोरीत टाकलेलं धोतर बघितलं. मग म्हणाल्या, "जाताना भोकं भरून द्या लागतीन."

"देईन."

"आन् तो कूलर हटवा तिथून. सारी भीत सादळली माही." एवढं बोलून खाली गेल्या. अजून माझ्याशी पहिल्यासारख्या बोलत नाहीत. नसू देत.

नऊ खिळे ठोकले. एक वाकला, तो तसाच आहे. चऱ्हाट टाकलं, दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. मग बाबांना सांगितलं, "बाबा, आधी हुक होते, मी खोटं बोलले होते. आता खिळे आहेत. तुम्ही स्वतः पाहा."

बाबा उठले. एकेका खिळ्यापाशी थांबून त्यांनी बोटांनी चाचपलं, चऱ्हाट ओढून पाहिलं. वाकलेल्या खिळ्यापाशी "हं" म्हणाले. मी मागे मागे. एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी. दार उघडून आत गेले आणि आतून कडी लावली. इतके महिने मी त्यांना कडी लावू देत नव्हते, पडले तर आत कसं जायचं म्हणून. कडीचा आवाज ऐकला आणि माझे हात पुढे गेले. दार वाजवणार होते. वाजवलं नाही.

मग आतून बाबांनी विचारलं, "गेली का ऑफिसात?"

"गेले," मी दारापाशी उभी राहून म्हटलं.

आत बाबा हसले. हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच. मग म्हणाले, "जाय माय. मी येतो माह्या मनानं."

मी गेले.