वडिलांचा एकुलता एक फोटो

चौतीस वर्षं मी सोलापुरात गणित शिकवलं. वर्गात पाय ठेवला की पोरं चिडीचूप व्हायची, एक पालक तर मला बघून सायकलवरून खाली उतरायचे. अशी मी बाई, आणि घरात एका फोटोला टरकून असायचे. वडिलांच्या. तीन दिवसांच्या तापात ते गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि ते एकतीसचे. त्यांचा तेवढा एकच फोटो होता, कोट घालून खुर्चीत ताठ बसलेले, सरळ आपल्याकडे बघणारे. खोलीत कुठंही गेलं तरी नजर मागं यायची. चोरून गूळ खाताना मी भिंतीकडे पाठ करायचे, तर ती पाठीला लागायची.

आईला मात्र त्या नजरेचाच आधार होता. विड्या वळून तिनं मला शिकवलं. सूप मांडीवर घेऊन ती फोटोखालीच बसायची. ते बघतायत म्हणून हात चालतो, असं शेजारणींना सांगायची.

यंदा उन्हाळ्यात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ब्याऐंशीव्या वर्षी लख्ख दिसायला लागलं आणि पहिली तक्रार आली ती फोटोची. त्यांचे डोळे गेले, म्हणाली. मी स्टुलावर चढून पाहिलं. फोटो पिवळा पडला होता तरी धड होता, डोळे मात्र पुसट झाले होते आणि एकाचा टवका उडाला होता. फक्त डोळ्यांचाच टवका कसा उडाला, हा प्रश्न गणिताच्या बाईंना काही पडला नाही. नवा करून देते, असं मी कबूल केलं.

मुलगी पुण्याला जाताना तिचा जुना स्कॅनर माझ्याकडे टाकून गेली होती. त्याच्या झाकणात दिवा आहे, त्यामुळे निगेटिव्हही निघते. आईच्या ट्रंकेत स्टुडिओचं खाकी पाकीट सापडलं आणि त्यात तळहाताएवढी निगेटिव्ह. दुपारी आई आतल्या खोलीत आडवी झाली, तशी मी कामाला बसले. पंखा बंद केला, धूळ उडायला नको म्हणून. मग घाम सुरू झाला. एक थेंब पडला असता तरी सगळं संपलं असतं, दुसरी प्रत जगात कुठंही नव्हती. कडांना धरून मी निगेटिव्ह काचेवर ठेवली.

स्कॅनरचा दिवा घरघरत पुढं सरकला. लॅपटॉपवर काळ्याचं पांढरं केलं आणि चित्र मोठं केलं. केस आले, कपाळ आलं, भुवया आल्या. डोळे मिटलेले होते.

पापणी लवली असेल, असं मी स्वतःला समजावलं. वर्गाच्या फोटोत डोळे मिटणारे दरवर्षी तिघे तरी असायचेच. मग मी आणखी खाली आले. जबडा सैल होता. कोट त्यांच्या अंगाला दोन मापं मोठा होता. आणि कॉलरच्या मागं, मानेला धरलेली चार बोटं होती. बसलेल्या माणसाची मान कुणी कशाला धरेल?

ज्याचा जिवंतपणी फोटो निघाला नाही, त्याचा मयत उचलायच्या आधी काढून घ्यायचे, हे मी दुसऱ्यांच्या घरांबद्दल ऐकलं होतं. स्टुडिओवाला कोट बरोबर घेऊन यायचा आणि नंतर डोळे रंगवून द्यायचा. आमच्याही घरात तेच झालं होतं.

भीती वाटली ती आईची. त्या दिवशी ती शुद्धीवर नव्हती, असं आत्या सांगायची. ज्या नजरेच्या आधारानं तिनं सगळा जन्म काढला, ती नजर रंगाची होती हे तिला कळलं तर? त्यात तिचा रक्तदाब, त्यात नुकतं झालेलं ऑपरेशन. निगेटिव्ह जाळून टाकावी असंसुद्धा मनात आलं. तेवढ्यात मागं पावलं वाजली. डोळ्यांवर काळा चष्मा लावून ती माझ्या पाठीशी उभी होती. मला सुचलं काय, तर पडद्यावर पंजा ठेवायचा.

"काड हात," ती म्हणाली.

मी काढेना. तिनं माझं एकेक बोट उचलून बाजूला केलं, चष्मा कपाळावर सारला आणि वाकून बघितलं. मी तिचा श्वास नीट चाललाय का तेवढंच बघत होते. तिनं मानेमागच्या बोटांवर आपलं बोट ठेवलं.

"ह्यो माजा हात हाय."

मग तिनं सांगितलं. मान सारखी कलंडत होती आणि पुरुषमाणसं धरायला पुढं येईनात. शेवटी तीच खुर्चीमागं बसली. स्टुडिओवाल्यानं नंतर फोटोतून तो हात पुसून टाकला. तिनं दाखवल्यावर मला मनगटातल्या बांगड्याही दिसल्या. माझ्या आठवणीत तिच्या हातात बांगड्या कधीच नव्हत्या.

मग डोळे कुणाचे, मी विचारलं.

"तुजेच हायत की. त्यो म्हनला, डोळे कसं हुतं सांगा. मला काय सांगता येईना. मंग तुला नेली, तुजं डोळं त्येंच्यागतच. दुपारभर समोर बसवली आन् तुज्याकडं बगून काडलं त्यानं. लई भ्याली हुतीस तू."

मला त्यातलं काहीच आठवत नाही. उठून भिंतीवरच्या फोटोत पुसट होत चाललेले ते डोळे पुन्हा बघितले. जन्मभर मला ते रागावलेले वाटत आले. त्यांत सहा वर्षांच्या पोरीची भीती होती.

नव्या फोटोलाही तसंच कर, आई म्हणाली, तुझे डोळे आहेतच की. मी काही बोलायच्या आत तिनं माझा चष्मा काढला आणि हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. आता मी बासष्टची आहे. डोळ्यांखाली पिशव्या आल्यात, उजव्यात मोतीबिंदू धरलाय. त्यात एकतीस वर्षांचा माणूस कुठून सापडायचा? आई बराच वेळ बघत राहिली. तिला ते दिसले नाहीत तर ती काय करेल, या भीतीनं मी पापणीसुद्धा हलवली नाही.